पाटीवर ‘कैदेत’ असंच लिही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पणजोबांच्या स्मृतिपाटीचा तू पाठवलेला मजकूर वाचला. ‘मेसोपोटेमियात शत्रूशी लढता लढता वीरमरण’ ही ओळ काढून टाक. पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात, गेले हे खरं, पण तूच पाठवलेल्या कागदावर स्पष्ट आहे: 117वी मराठा पलटण, कुतला पकडले गेले, कैदेत मृत्यू. तुला तो शब्द घराण्याला कमीपणा आणणारा वाटला असणार. म्हणूनच हे पत्र जरा लांबतंय.

त्या कुतला, म्हणजे टायग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमाराला, तुर्कांचा वेढा पडला 7 डिसेंबर 1915 ला. आत इंग्रजांच्या जनरल टाउनशेंडची सहावी, म्हणजे पुण्याची डिव्हिजन. तिच्यात मराठ्यांच्या 103, 110 आणि 117 अशा तीन पलटणी. सोडवायला निघालेल्या फौजा टायग्रिसकाठच्या चिखलात हजारो माणसं गमावूनही पोचल्या नाहीत. आत दाणागोटा संपत आला, घोडे कापायची वेळ आली. धर्म बुडेल, गावात परतल्यावर काय तोंड दाखवू, म्हणून पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस कितीतरी दिवस तोंडाला लावलं नाही. भाजीपाला नव्हताच. स्कर्व्हीने हिरड्या सडल्या. असे जवळजवळ पाच महिने काढल्यावर 29 एप्रिल 1916 ला जनरलने शरणागती पत्करली. शिपायाला कोणी विचारलं होतं?

सुमारे 13,000 माणसं कैद झाली, बहुतेक हिंदी. त्यांत भिस्ती, डोलीवाले, स्वयंपाकीही होते. जनरलसाहेबांची सोय इस्तंबूलजवळच्या बेटावर झाली. शिपाई उपाशी, उन्हातान्हात, पायी निघाले. कितीतरी जणांना आताच्या सीरियातल्या रास अल ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. हजारो गेले, काहींची तर नोंदही राहिली नाही. तुझे पणजोबा त्या हजारोंतले. हे लिहायला लाज कसली?

आता कामाचं. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या (Commonwealth War Graves Commission) यादीत शोधताना एकाच स्पेलिंगवर अडून बसू नकोस. कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने इंग्रजीत उतरवलं. ‘जाधव’ चार तऱ्हेने लिहून बघ, आडनावाशिवायही बघ. बापाचं नाव आणि गाव-तालुका जुळतो का ते पाहा. सगळ्यांत भरवशाचा म्हणजे पलटणीतला नंबर. मृत्यूची तारीख मिळाली तरी पाटीवर लगेच कोरू नकोस, कैद्यांच्या बाबतीत ती कागदावर चढवल्याचीही असू शकते. वर्ष पुरे.

इराकातल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकाचा फोटो लावायचा म्हणतोस. लाव, पण त्या भिंतीवर पणजोबांचं नाव शोधू नकोस. तिथे हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा. आयोगाने ही चूक उघडपणे कबूल केली 2021 मध्ये, म्हणजे शंभरएक वर्षांनी. ते स्मारकही 1997 मध्ये सद्दामच्या हुकमाने मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. म्हणून तर तुझी पाटी हवी.

आणि पणजोबांचा म्हणून भलताच फोटो घेऊन त्यात तलवार चिकटवायचा उद्योग थांबव. त्यांचा एकही फोटो घरात नाही ना? मग चौकट रिकामी राहू दे.

एक काम मात्र पावसाळ्याआधी कर. तुझ्या थोरल्या आत्याला भेट. ‘पणजोबा कधी गेले’ असं विचारू नकोस, ते तिला ठाऊक असायचं कारण नाही. पणजीने कुंकू कधी पुसलं ते विचार. बेपत्ता माणसाच्या बायकोला ते ठरवावं लागलं असणार: पत्र आल्यावर, पेन्शन लागल्यावर, की बरोबरीचा कोणी परत येऊन सांगून गेल्यावर. की पुसलंच नाही? आमच्याकडे बसऱ्याहून न आलेल्या एकाच्या बायकोने म्हणे शेवटपर्यंत लावलं, आणि गावाने एका शब्दाने टोकलं नाही.

ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घे, शुद्धलेखन सुधारू नकोस. पणजीचं नाव पाटीवर यायला हवं, मसुद्यात ते कुठेच दिसलं नाही. नवा मसुदा पाठव, दगडवाल्याला आगाऊ पैसे अजून देऊ नकोस.