ऊसतोडीच्या तळावरनं सुरू झालेलं करिअर: एका आईच्या पत्राला उत्तर

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मानसशास्त्र घेतलंय, गेल्या हंगामात मैत्रिणींबरोबर शिरोळकडं ऊसतोड कामगारांच्या तळावर लहान पोरांना शिकवायला जायला लागली आणि तेव्हापासनं घरात दुसरा विषयच नाही असं तुम्ही लिहिलंय. तिथनंच तिची केनिया आणि फिलिपाइन्समधल्या बालवाडीच्या शिक्षिकांशी ऑनलाइन ओळख झाली, महिन्यातनं एकदा व्हिडिओ कॉल होतो, आणि आता ती म्हणते मला हेच करायचंय, जगभरच्या शिक्षकांबरोबर मिळून गरिबीतल्या पोरांसाठी काम. तिचे पप्पा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, ते म्हणतात बँकेच्या परीक्षा दे, आणि आत्या म्हणते एवढं शिकून बालवाडीची बाई होणार काय. तुमचा प्रश्न एवढाच की यात करिअर आहे का आणि पोट भरंल का.

करिअर आहे. पोट भरायचं म्हणाल तर ते कुठल्या दारानं आत जाता त्यावर आहे, त्याचं खाली सविस्तर सांगते.

आधी आत्यांना सांगा की बालवाडीची बाई हे लहान काम नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ याच कामात होत्या. ताराबाईंनी १९४५ ला पालघरकडच्या बोर्डीत बालवाडी काढली, पुढं काम कोसबाडला गेलं, आणि आदिवासी पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावर नेली, घराच्या अंगणात. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बाल विकास योजना आणली तेव्हा तोच शब्द देशभर गेला. आणि त्याच्याही आधी, १९२६ ला गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाईंनी भावनगरला नूतन बालशिक्षण संघ काढला तेव्हा मॉन्टेसरीबाई, म्हणजे लहान पोरांना वस्तू हाताळत शिकू देण्याची पद्धत काढणाऱ्या इटलीच्या मारिया मॉन्टेसरी, भारतात आल्यासुद्धा नव्हत्या, त्या आल्या १९३९ ला. त्यांचं लिखाण मागवून वाचून, महागडी परदेशी साधनं बाजूला ठेवून आपल्या मातीतली वस्तू वापरून या लोकांनी काम उभं केलं. म्हणजे तुमची लेक आज व्हिडिओ कॉलवर जे करतेय ते शंभर वर्षांपूर्वी पोस्टानं चाललं होतं.

अजून एक. मॉन्टेसरीबाईंचं पहिलं बालगृह १९०७ ला रोममधल्या सान लोरेंझो नावाच्या गरीब कामगार वस्तीत सुरू झालं, आईबाप कामाला गेले की दिवसभर जिन्यावर हुंदडणाऱ्या पोरांसाठी. आज आपल्याकडं मॉन्टेसरी म्हटलं की भरपूर फी आणि रंगीत भिंती डोळ्यासमोर येतात, मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण जे गरिबाच्या पोरासाठी निघालं होतं तेच त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ, जी तुम्ही सहज लिहून गेलाय आणि मी तिथंच थांबले. तळावर पाच वर्षांचं एक पोरगं होतं, हातात कधी पेन्सिल धरलेली नाही, पण बाप गाडीत मोळ्या टाकताना ते बरोबर वीसपर्यंत मोजायचं. तुमच्या लेकीनं उसाच्या बारीक कांड्या तोडून दहा-दहाची मोळी बांधायला लावली, मग दोन मोळ्या आणि तीन सुट्ट्या म्हणजे तेवीस, असं ते पोरगं चार दिवसांत सांगायला लागलं. ताई, मॉन्टेसरीच्या वर्गात दहा मण्यांची माळ असते ना, दशक शिकवायला, ती नेमकी हीच. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि हे तिनं कॉलवर सांगितल्यावर केनियाच्या बाईंनी त्यांच्याकडं बाटलीची टोपणं तारेत ओवून तेच केलं, आणि पोरं उलटं मोजताना कुठं अडतात ते हिला सांगितलं, मग हिनं इकडं मोळी सोडून दाखवायला सुरुवात केली. देशोदेशीच्या शिक्षकांचं सहकार्य म्हणतात ते हेच. परिषदा, मोठे अहवाल हे सगळं नंतर येतं, ते लागतंच, १९४८ मध्ये प्राग शहरात या कामासाठी ओमेप नावाची जागतिक संघटना निघाली ती आजही चालते, पण त्या टेबलावर आपल्याकडनं ठेवायला काहीतरी लागतं आणि तुमच्या लेकीकडं ते आत्ताच आहे.

म्हणून माझा सल्ला थोडा उलटा वाटेल. परदेशी डिग्रीची घाई करू नका. तिनं आधी एक जागा नीट ओळखावी, दोन वर्षं तरी.

कारण गरिबी हा विषय वर्गात बसून कळत नाही. युनिसेफ आणि जागतिक बँकेनं २०२३ मध्ये अंदाज दिला होता की जगात ३३ कोटी ३० लाख मुलं अतिगरिबीत राहतात, सहातलं एक. आकडा ऐकून आपण हळहळतो आणि विसरतो. पण मी स्वतः हातकणंगले तालुक्यातल्या एका तळावर पहाटे गेले होते, अंधारात टोळी निघून गेलेली, झोपडीवजा कोपीत सात-आठ वर्षांची पोरगी धाकट्या भावाला काखेत घेऊन भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून भरवत होती, आणि मी विचारलं शाळा, तर म्हणाली, "ह्याला कोन बघंल?" त्या एका वाक्यात सगळं आलं बघा. धाकट्यासाठी पाळणाघर नाही म्हणून थोरलीची शाळा गेली. आईबाप एका कोयत्यावर, म्हणजे नवराबायकोची मिळून एक जोडी धरून, राबतात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायची असते, त्यामुळं आई घरी थांबू शकत नाही. इथं नुसतं चांगलं शिकवणारी बाई पुरत नाही. तिला माहीत पाहिजे की गाव सोडल्यावर बाळाचा पोषण आहार इकडच्या अंगणवाडीत कसा सुरू करायचा, लसीचं कार्ड कुठं दाखवायचं, रेशन दुसऱ्या जिल्ह्यात कसं उचलायचं. दिल्लीत १९६९ ला मीरा महादेवन यांनी मोबाइल क्रेशेस सुरू केलं ते बांधकामावरच्या मजुरांच्या पोरांसाठीच, पाळणाघर कामाच्या जागेवर नेऊन. ते काम तिनं जरूर वाचावं.

आणि एक खरं सांगते, बालवाडीनं गरिबी एकटीनं हटत नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९६० च्या दशकात पेरी प्रीस्कूल म्हणून प्रयोग झाला, १२३ गरीब मुलं, त्यातल्या निम्म्यांच्या आसपास मुलांना चांगली बालवाडी मिळाली, बाकीच्यांना नाही, आणि पुढं ती चाळिशीत जाईपर्यंत माग ठेवला. बालवाडी मिळालेल्यांची कमाई जास्त निघाली, पोलिसांत अडकायचं प्रमाण कमी निघालं. पण त्यात शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईशी बोलायची, हा भाग लोक विसरतात. मला तरी वाटतं अर्धं काम तिथंच होतं. बाकी मजुरी, कर्ज, हे प्रश्न वेगळे आणि त्यासाठी वेगळी माणसं लागतात, तिनं त्यांच्याबरोबर काम करायला शिकावं.

आता दारं. अंगणवाडी सेविका व्हायला बारावी आणि त्याच गावची रहिवासी असणं लागतं, पगार नाही मानधन मिळतं, आणि ते वाढावं म्हणून या बायका किती वेळा आझाद मैदानावर बसल्यात ते तुम्ही टीव्हीवर बघितलंय. खाजगी प्रीस्कूलमध्येही सुरुवातीला हातात थोडेच येतात. त्यामुळं पदवीधर पोरीनं वरच्या दारांचा विचार करावा. मुख्य सेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, ही सरकारी नोकरी, पदवीवर परीक्षा असते. त्याच्या वर बाल विकास प्रकल्प अधिकारी, ते एमपीएससीमधनं. म्हणजे पप्पा म्हणतात तसं स्पर्धा परीक्षाही झाली आणि तिचं कामही सुटलं नाही, हे त्यांना जरा शांतपणे, जेवताना नको, रविवारी सांगा. तिसरं दार संस्थांचं, तिथं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, चालते, ती कोल्हापुरात सायबर नावाच्या संस्थेत होते, घर सोडायला नको. बालविकासच करायचं असेल तर मुंबईला एसएनडीटी आहे, आणि दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात या विषयातच एमए आहे. इग्नूचा बालसंगोपन आणि शिक्षणाचा एक वर्षाचा डिप्लोमा तर ती बीए झाल्या झाल्या काम करत करत करू शकते, मी तेच आधी सुचवीन.

परदेश त्याच्यानंतर. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात, तो तोवर झालेला असंल. आपल्या राज्याची अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची आहे, तुम्ही कुठल्या गटात बसता ते पत्रात लिहिलेलं नाही, त्यामुळं भेटल्यावर बघू.

इंग्रजीची काळजी तुम्ही केलीय, मी करणार नाही, महिन्यातनं एकदा केनियाशी बोलणारी पोरगी बोलायला शिकतेच. लिहायला मात्र शिकवायला लागंल. तिला सांगा एक वही करायची, रोज तळावरनं आल्यावर एकाच पोराबद्दल पाच ओळी, काय केलं, कुठं अडलं, आई काय म्हणाली, मराठीत चालेल. कांड्यांची गोष्ट तिनं कुठंच लिहून ठेवलेली नसणार, ती आधी लिहायला लावा, तारखेसकट.

येत्या महिन्यात कुठल्याही शनिवारी चारनंतर दोघी या, पप्पांना सुट्टी असंल तर त्यांनाही आणा. मार्कशीट असू दे घरी, वही घेऊन यायला सांगा.