मंदीत सरकारने कर्ज काढून खर्च वाढवला, तर महागाई आणि व्याजदर दोन्ही वाढत नाहीत का?

लगेच वाढतीलच असे नाही. कारण मंदीत कारखाने पूर्ण क्षमतेने चालत नसतात, अनेकांच्या हाताला काम नसते आणि खासगी उद्योग नवे कर्ज मागायला फारसे पुढे येत नाहीत, त्यामुळे सरकारने मोठी उचल केली तरी बँकांकडे पैसा शिल्लक राहतो. भारतात 2020-21 मध्ये केंद्राची वित्तीय तूट, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त झालेला आणि कर्जाने भागवलेला खर्च, जीडीपीच्या 9 टक्क्यांवर गेली, तरीही रिझर्व्ह बँकेने मे 2020 मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, 4 टक्क्यांवर आणला आणि स्वतः सरकारी रोखे (सरकारच्या कर्जाचे कागद) खरेदी करून दीर्घ मुदतीचे व्याजदरही आटोक्यात ठेवले.

महागाई मात्र त्या वर्षी बहुतेक महिने 6 टक्क्यांच्या वर राहिली. पण टाळेबंदीने विस्कटलेला पुरवठा आणि भाजीपाल्याचे चढे भाव पाहता सगळा दोष सरकारी खर्चावर टाकणे मला पटत नाही. खरी झळ बसली ती ठेवींच्या व्याजावर घर चालवणाऱ्या निवृत्तांना, कारण पाच-साडेपाच टक्के व्याजापेक्षा महागाईच जास्त होती. पुढे मागणी सावरली, युक्रेन युद्धाने तेल भडकले आणि मे 2022 पासून वाढत गेलेला रेपो दर फेब्रुवारी 2023 मध्ये 6.5 टक्क्यांवर पोहोचला.