पोट्टा शिकून राह्यला का फिरून राह्यला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी, मारेगाव, झरी या पट्ट्यातून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांत आता परदेशी शिकणाऱ्या मुलांचे आईवडील बरेच असतात. कोणी कर्ज काढून, कोणी वावर विकून मुलाला पाठवलेलं असतं. मोबाईलवर नवनव्या गावांचे फोटो येतात, अभ्यासाचं मात्र काही कळत नाही. मग प्रश्न ठरलेला : "मॅडम, पोट्टा शिकून राह्यला का फिरून राह्यला?"

उत्तर एका कुटुंबाच्या अनुभवातून देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा जर्मनीत, एसेन शहरात मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करतो. फोटोग्राफीचं वेड शाळेपासूनचं. घरची थोडी जमीन कोळसा खाणीत गेली. तिचा मोबदला आणि बँकेचं कर्ज, यावर तो गेला. पहिल्याच भेटीत वडिलांनी पिशवीतून कृषी केंद्राची डायरी काढली. मुलाने टाकलेला एकेक फोटो तारखेसह मांडलेला, पुढे गावाचं नाव किंवा 'नदी', 'डोंगर', 'मोठं चर्च' अशी खूण, आणि त्यापुढे लाल शाईत प्रवासखर्चाचा अंदाज. पानाच्या तळाशी बेरीज.

"हे त्याला दाखवलंत?"

"कायले दाखवू? भांडण होते."

पैशाचं आधी सांगते, कारण तिथे गैरसमज फार आहेत. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी बहुतेक मुलं वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच एका बंद खात्यात भरतात. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे, आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो हाती पडतात. म्हणजे मुलगा उधळू म्हणाला, तरी त्या खात्यातून सगळे पैसे एकदम निघत नाहीत. शिवाय अनेक विद्यापीठांत सत्राच्या शुल्कातच रेल्वे-बसचा पास असतो. या मुलाच्या पासावर देशभरच्या साध्या गाड्या चालत होत्या. डायरीतला बहुतेक खर्च झालेलाच नव्हता.

हे ऐकूनही वडिलांचा चेहरा तसाच राहिला. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे. माणूस घटनेने जेवढा अस्वस्थ होतो, त्याहून जास्त त्या घटनेला लावलेल्या अर्थाने होतो, ही मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची शिकवण मी रोज कामात वापरते. फोटो ही घटना. 'याले घरची जाणीव राह्यली नाही' हा वडिलांनी लावलेला अर्थ. हिशेब खोडून तो अर्थ खोडला जात नव्हता.

आई तोवर गप्प होती. मी विचारलं, तुम्हाला कसे वाटतात फोटो?

"फोटो लय चांगले हायत जी. पण एकाही फोटोत माणूस नाही. तो बी नाही, दुसरं बी कोणी नाही. जेवते कोणासंगं तो?"

या एका वाक्याने माझ्या कामाची दिशा ठरली. मुलाशी व्हिडिओवर बोलले तेव्हा आईचाच प्रश्न पुढे केला. तो आधी कायद्याचं बोलला : ओळखू येईल अशा माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय तिथे सहसा प्रसिद्ध करता येत नाही, १९०७ पासूनचा कायदा आहे. मग थांबून म्हणाला, "ओळखीचं कोणी असतं तर विचारलं असतं ना मॅडम." रविवारी दुकानं बंद, होस्टेल रिकामं, डिसेंबरात साडेचारलाच अंधार. "कॅमेरा हातात असला की एकटा हिंडून राह्यलो असं नाही वाटत. काम करून राह्यलो असं वाटते." आणि एका विषयात तो नापास झाला होता. घरी माहीत नव्हतं.

मग तिघांना एका कॉलवर आणलं. वडिलांना एवढंच सांगितलं, की पैसा आणि मार्क सोडून, कोणत्याही एका फोटोबद्दल मनापासून जे जाणून घ्यावंसं वाटतं ते विचारा.

त्यांनी लोखंडी मनोऱ्याचा फोटो निवडला. "हे आपल्या इकडच्या खाणीसारखं दिसते."

"खाणच आहे बाबा. झॉलफेराइन. १९८६ ला बंद झाली. २००१ पासून जागतिक वारसा आहे, लोक तिकीट काढून आतलं संग्रहालय पाहतात. बाजूच्या बोट्रोपची तर २०१८ मध्ये बंद झाली, ती दगडी कोळशाची अख्ख्या देशातली शेवटची."

वडील बराच वेळ पाहत राहिले. "मंग मातीच्या ढिगाऱ्यायचं काय झालं?"

वणीकडच्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. आपल्या गावांच्या कडेला खाणीतून काढलेल्या मातीचे ते ढिगारे आहेतच.

"झाडं वाढली त्याच्यावर. लोक फिरायला जातात. तुम्ही मागं विचारलं होतं ना, डोंगरावर कायले गेला? तो डोंगर नाही बाबा, ढिगाराच आहे."

वडिलांनी डायरी उघडली, 'डोंगर' लिहिलेली ओळ शोधली, आणि खर्चाचा आकडा खोडून तिथे 'ढिगारा' लिहिलं. मग पुढचा प्रश्न : "झाडं कोणती लावली?" मुलगा बोलत सुटला. त्याच ओघात नापास झाल्याचंही सांगून टाकलं. वडील म्हणाले, "आता सांगतं का बे?" आणि लगेच, "पुन्हा बसता येते ना?" येतं, पण संधी मोजक्या असतात, हेही त्याने लपवलं नाही. त्या सगळ्या वेळात मी एक शब्द बोलले नाही. माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांत मी हे धरते.

पालकांनो, पैशाचं बोलणं महिन्यातून एकदा, वेगळ्या कॉलवर करा. एरवी फोटो आला की कुठे उभा होतास, सोबत कोण होतं, जेवलास काय, हे विचारा. निकालाच्या आधीच सांगून ठेवा की नापास झालास तरी आम्हाला ऐकायचं आहे. फिरणाऱ्या मुलापेक्षा फिरणं अचानक सोडलेल्या मुलाची चौकशी मी आधी करते. झोप उलटीपालटी झाली, फोन टाळणं सुरू झालं, जेवणाचं विचारलं की विषय बदलला, तर त्याला विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे जायला सांगा. ही सोय तिथे बहुतेक ठिकाणी असते.

आणि मुलांनो, फोटो जगाला दाखवायच्या आधी घरी पाठवा. सोबत आपल्या बोलीत आवाज भरून सांगा : जागा कोणती, तिकीट किती, कोणासोबत. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. तुमचे रात्रीचे आठ म्हणजे घरी साडेबारा, आणि ओलिताची लाइन रात्रीची असेल तर बाबा वावरात. त्यापेक्षा रविवारी सकाळी दहाला फोन करा. इकडे अडीच वाजलेले असतात, जेवणं झालेली असतात.