मोठ्या चाकांच्या एसयूव्हीत हवा किती भरावी?

नवीन गाडीबद्दल अभिनंदन! हवेचा आकडा शोधायला फार लांब जाऊ नका. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, दरवाजाच्या चौकटीच्या खांबावर स्टिकर दिसेल. तोच तुमचा आकडा. टायरच्या बाजूवर छापलेला 'मॅक्स' आकडा ही टायरची कमाल मर्यादा असते, तेवढी हवा कधीच भरू नका. नवखे सर्वाधिक इथेच चुकतात.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- हवा थंड टायरमध्येच तपासा, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. समृद्धी महामार्गावर तासभर पळवलेल्या टायरमध्ये ४-५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त दिसणारच. ते पाहून हवा काढलीत, तर टायर थंड झाल्यावर कमी पडेल.
- पाच माणसं आणि डिकीभर सामान असेल तर स्टिकरवरचा 'फुल लोड'चा आकडा घ्या. बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना जास्त हवा लागते.
- 'राइड मऊ होईल' म्हणून हवा कमी करू नका. १८-१९ इंची रिमवर रबराची उंची कमी असते. खड्ड्यात टायर चेपून थेट रिमवर दणका बसतो. मग रिम वाकते किंवा टायरच्या बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर बदलायचाच, दुरुस्त होत नाही.

पंपावरच्या मीटरवर भिस्त नको, स्वतःचा डिजिटल गेज घ्या. महिन्यातून एकदा तपासा, स्टेपनीसुद्धा. नायट्रोजन, ऑफ-रोडिंगसाठी हवा कमी करणं वगैरे सध्या बाजूला ठेवा. रिमचा साइज बदलला असेल तर मात्र आधी सांगा, तिथे हिशोब वेगळा लागतो.