रुलेट कसं चालतं, आणि दुप्पट-दुप्पट लावत गेलं तर जिंकता येतं का?

तुम्ही विचारलंय की रुलेट नेमकं कसं खेळतात, कुठल्या पैजेला किती पैसे मिळतात, आणि लाल-काळ्यावर हरल्यावर दर वेळी रक्कम दुप्पट करत गेलं तर शेवटी फायदा होतोच, हे खरं का.

मी सावंतवाडीकडचा. बी.कॉम. झाल्यावर चार वर्षं पणजीला मांडवीतल्या एका कसिनोच्या बोटीवर डीलर होतो, त्यातला बराचसा काळ रुलेटच्या टेबलावर. तुमचा शेवटचा प्रश्न मला तिथे कितीतरी जणांनी विचारला. पण खेळणाऱ्याला सल्ला द्यायची डीलरला परवानगी नसते, त्यामुळे मी एकालाही उत्तर दिलं नाही. ते मनात राहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चाक. युरोपियन चाकाला 37 खण असतात, 0 ते 36. अठरा लाल, अठरा काळे आणि शून्याचा एक हिरवा. आकडे ओळीने मांडलेले नसतात. शून्याच्या एका अंगाला 32 आणि दुसऱ्या अंगाला 26, असे लहान-मोठे विखरून टाकलेले असतात. डीलर चाक एका दिशेला फिरवतो आणि गोटी कडेच्या खोबणीतून उलट दिशेला सोडतो. वेग उतरला की गोटी खाली घसरते, वाटेत शंकरपाळ्यासारखे धातूचे उंचवटे असतात त्यांवर आपटते, दोन-चार उड्या मारते आणि एका खणात बसते. ती खाली यायच्या बेतात आली की आम्ही टेबलावरून हात फिरवून ‘नो मोअर बेट्स’ म्हणायचो. त्यानंतर कुणी चिपला, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकतीला, हात लावायचा नाही. लागलेल्या आकड्यावर खूण ठेवायची, हरलेल्या चिप्स आधी ओढून घ्यायच्या आणि मग जिंकलेल्यांचे पैसे द्यायचे. प्रत्येक खेळाडूच्या चिप्सचा रंग वेगळा असतो, म्हणून एकाच आकड्यावर पाच जणांनी लावलं तरी गोंधळ होत नाही.

टेबलाच्या कापडावर हेच आकडे तीन-तीनच्या बारा ओळींत छापलेले असतात. चिप कुठे ठेवली त्यावरून पैज ठरते. आकड्याच्या मधोमध ठेवली तर फक्त तो आकडा, आणि तो लागला तर एकाला 35, म्हणजे एका चिपमागे 35 चिप्स. दोन आकड्यांमधल्या रेघेवर ठेवली तर दोन्ही तुमचे, एकाला 17. तीनच्या पूर्ण ओळीला 11. चार चौकोन मिळतात त्या कोपऱ्यावर 8. दोन ओळींच्या सांध्यावर, म्हणजे सहा आकड्यांवर, 5. बारा आकड्यांच्या गटाला किंवा उभ्या रांगेला 2. लाल-काळा, सम-विषम, 1 ते 18 किंवा 19 ते 36 यांना एकाला एक. लावलेली चिप यात धरलेली नाही, जिंकलात तर ती वेगळी परत मिळते.

शिकाऊ असताना मला सुरुवातीचे बरेच दिवस चाकाला हात लावू दिला नव्हता, नुसते पाढे पाठ करून घेतले. 35 चा, 17 चा, 11 चा, 8 चा. शाळेत बाईंनी तीसपर्यंतचे पाढे घोकून घेतले होते ते इथे असे उपयोगी पडले. माझ्या टेबलावर 17 या आकड्याभोवती कायम गर्दी असायची. एखादा माणूस 17 वर एक, त्याच्या चारही बाजूंच्या रेघांवर चार आणि चारही कोपऱ्यांवर चार, अशा नऊ चिप्स ठेवायचा. 17 लागला की 35, चार वेळा 17 म्हणजे 68, चार वेळा 8 म्हणजे 32. एकूण 135. ते चित्र दिसलं की बेरीज न करता 135 चिप्स पुढे सरकवता आल्या पाहिजेत, तेव्हा कुठे पक्कं टेबल मिळायचं.

आता कसिनोची कमाई. लोकांना वाटतं की टेबलाखाली चुंबक असतं, डीलर हवा तो आकडा पाडतो. तसं काही करायची गरजच पडत नाही. समजा तुम्ही सगळ्या 37 आकड्यांवर शंभर-शंभर रुपये लावले. टेबलावर 3,700 गेले. एक आकडा लागणारच. त्याचे 3,500 आणि त्यावरचे तुमचे 100, हातात आले 3,600. शंभर रुपये कमी. खण 37 आहेत आणि पैसे दिले जातात ते 36 च असल्यासारखे, एवढंच. सदतीसात एक, म्हणजे 2.70 टक्के.

लालवर लावा, बाराच्या गटावर लावा, एका आकड्यावर लावा, ही कपात तेवढीच राहते. लाल 18 वेळा जिंकतो, 19 वेळा हरतो. बाराचा गट 12 वेळा जिंकून 24 आणतो, 25 वेळा हरून 25 घालवतो. फरक पडतो तो चढउतारात. लालवर पैसे हळूहळू जातात, एका आकड्यावर बराच वेळ काही येत नाही आणि मग एकदम येतं. आणि 37 फेऱ्यांत आपला आकडा एकदा तरी येईलच, असं धरून बसू नका. एकदाही न येण्याची शक्यता 36 टक्के आहे.

तासाला साधारण चाळीस फेऱ्या धरा आणि प्रत्येकीला 500 रुपये. म्हणजे तासाभरात 20,000 रुपये टेबलावरून फिरले, आणि त्यातले सरासरी 540 कसिनोचे. एकाच टेबलावर सात-आठ जण रात्रभर बसलेले असतात.

दुप्पट लावण्याच्या युक्तीला मार्टिंगेल म्हणतात. टेबलावर पाटी असते, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती. धरा 100 ते 10,000. लालवर 100 लावले, हरलात. 200, 400, 800, 1,600, 3,200, 6,400. सलग सात वेळा हरलात तर एकूण 12,700 गेले आणि आठव्यांदा 12,800 लावावे लागतील, पण पाटी ते लावू देत नाही. सलग सात वेळा हरण्याची शक्यता 106 मध्ये 1. म्हणजे ही युक्ती 106 वेळा केली तर 105 वेळा शंभर-शंभर मिळून 10,500 येतात, आणि एकदा 12,700 जातात. लोकांना ते 105 वेळा लक्षात राहतात. पाटी नसती तरी खिसा कुठेतरी संपलाच असता.

एक गृहस्थ मला अजून आठवतात. बोलण्यावरून कोल्हापूरकडचे वाटत होते, मला मराठी येतं हे कळल्यावर खूश झाले होते. सलग सहा वेळा काळा आला होता आणि ते दर वेळी लालवर दुप्पट करत होते. सातव्या फेरीला त्यांनी 6,400 ठेवले आणि चाकाशेजारच्या, मागचे आकडे दाखवणाऱ्या फलकाकडे बोट दाखवून म्हणाले, “सहा वेळा काळं आलंय दादा, आता लाल यायलाच पाहिजे की नाही?” मी म्हटलं, “ऑल द बेस्ट, सर.” गोटी शून्यात बसली. शून्य लालही नाही आणि काळंही नाही, दोघांचे पैसे जातात. त्यांनी पाकीट काढलं, पाटी वाचली आणि पाकीट परत ठेवलं.

त्यांना द्यायचं उत्तर हे होतं: सहा काळ्यांमुळे चाकावरचा एकही लाल खण वाढलेला नाही. 37 पैकी 18 होते, 18 च आहेत. 18 ऑगस्ट 1913 ला मोनॅकोतल्या मॉन्टे कार्लोच्या कसिनोत काळा सलग 26 वेळा आला होता, आणि लाल येणारच म्हणून लावत गेलेल्यांचे लाखो फ्रँक गेले. आधी ठरवलेला रंग सलग 26 वेळा येण्याची शक्यता 13 कोटींहून जास्त मध्ये 1. तरी सव्विसाव्या फेरीला लाल येण्याची शक्यता 37 मध्ये 18 हीच होती. म्हणूनच तो फलक लावलेला असतो. मागचे आकडे बघून माणूस पुढच्या फेरीसाठी टेबलावरच बसून राहतो.

रुलेटवर मात केलेले लोक आहेत, पण त्यांनी पैज लावायच्या पद्धतीने नाही, चाकाकडे बघून केली. एकोणिसाव्या शतकात जोसेफ जॅगर या इंग्रजाने मॉन्टे कार्लोतलं एक चाक किंचित कललेलं आहे हे आकडे नोंदवून ओळखलं आणि भरपूर जिंकला. 1961 मध्ये एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञांनी अंगावर लपवता येईल असा छोटा संगणक बनवून लास व्हेगासला नेला. गोटी आणि चाकाचा वेग मोजून गोटी कुठल्या भागात पडेल याचा तो अंदाज द्यायचा. आता चाकं नियमित तपासतात, आणि अशा उपकरणांवर नेवाडात, म्हणजे लास व्हेगासच्या राज्यात, बंदी आहे.

मोबाइलवरच्या रुलेटबद्दल वेगळं सांगायला हवं. माझा एक मावसभाऊ त्यात अडकला होता. एजंटला रोख द्यायचे, तो पॉइंट टाकणार. तिथे चाकही नाही आणि गोटीही नाही, फक्त चित्र. मी इतका वेळ मांडलेलं गणित खऱ्या खणांचं आहे. पडद्यामागे कुणी काय बसवलंय हे बघता येत नसेल तर 2.70 हा आकडा तिथे लागू करू नका. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केलेत, त्यामुळे पैसे अडकले तर तक्रार घेऊन जाणंही अवघड.

आणि गोव्याला जाऊन एकदा बसायचंच असेल तर चिप्स घेण्याआधी चाकावरचे हिरवे खण मोजा. काही चाकांवर 0 बरोबर 00 ही असतं. खण 38 होतात, पैसे तेवढेच मिळतात, आणि कपात 5.26 टक्क्यांवर जाते. त्या टेबलावर 0, 00, 1, 2, 3 अशी पाच आकड्यांची एक पैज असते, तिथे कपात 7.89 टक्के, ती तर लावूच नका. काही फ्रेंच टेबलांवर शून्य आलं की एकाला-एक पैजांचे अर्धे पैसे परत देतात, तिथे कपात 1.35 वर येते. मी मांडवीत होतो तेवढ्या काळात हिरवे खण मोजून मग खुर्ची ओढणारे दोनच जण पाहिले.