वाचकांचे प्रश्न : पार्किंगमधले टूलबॉक्स

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळ आमचे रो हाऊस आहे. पार्किंगमध्ये कार आणि स्कूटर लावल्यावर भिंतीलगत जेमतेम दोन फूट जागा उरते. चार टूलबॉक्स मिळून साधारण ६० किलो वजन भरते. त्यांच्यासाठी ट्रॉली करून घेतली, पण तिची चाके पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात आणि वरची पेटी घसरून पडते. काय करावे?

उत्तर : चाके बहुधा दोन इंची असावीत. ती गुळगुळीत फरशीपुरती ठीक. पेव्हरवर किमान चार इंची लागतात. नायलॉनऐवजी पीयूची (पॉलियुरेथेन, रबरासारखे प्लास्टिक) घ्या, खडखडाट कमी होतो. भाराला चाराने नव्हे, तिनाने भागा, कारण उंचसखल जमिनीवर एखादे चाक अधांतरी राहतेच. ट्रॉलीचे १२ किलो धरून एकूण ७२, म्हणजे चाकामागे २४ किलो. धक्के सोसायला हवेत, तेव्हा ५० किलो क्षमतेची चाके घ्या.

चारही चाके फिरती नकोत. पार्किंगला पाणी निघून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, त्यावर अशी ट्रॉली तिरकी पळते. पुढे दोन स्थिर, दांड्याच्या बाजूला दोन फिरती आणि ब्रेकवाली. फळी १८ मिमी जाडीची, २४ बाय १६ इंच. गाडी धुताना पाणी उडतेच, म्हणून आयएस ७१० दर्जाचा मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्या. चाके स्क्रूने बसवू नका, हादऱ्यांनी ते प्लायमधून सुटतात. आरपार बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यांनी सैल न होणारा) लावा. फळीच्या कडेने इंचभर उंचीची पट्टी मारली की खालची पेटी सरकत नाही. तिच्यावरच्या पेट्यांना मात्र पट्टा हवाच. ग्राइंडर, हातोडे तळाच्या पेटीत. दोन्ही बाजूंना उघडणारी कप्प्यांची पेटी ट्रॉलीवर उघडू नये. एका बाजूचे कप्पे जड असले की ती कलंडते.

प्रश्न : पेटी बंद असूनही पावसाळ्यात पाने का गंजतात?

उत्तर : दमट हवा पेटी उघडताना आत शिरते आणि रात्री पत्रा गार पडला की तिचे दव होते. पेटी जमिनीपासून चार इंच वर आणि पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवा. नाशिकात झड बहुतेक त्याच बाजूने येते. पाने पुसून मशीन ऑइलचा पातळ हात द्या. सिलिका जेल केशरी दाण्यांचे आणा, निळ्यात कोबाल्ट असते, ते आरोग्याला अपायकारक. शेजारी इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी असेल तर आधी ती हलवा. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून उडणारा आम्लाचा अंश लोखंड झपाट्याने खातो, त्यापुढे जेलचे काही चालत नाही.

प्रश्न : पेटी भिंतीला टांगली तर?

उत्तर : विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीला चालेल. एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) असतील तर साधा रावळप्लग (स्क्रू धरून ठेवणारी भिंतीतली नळी) सैल होतो. त्या ब्लॉकसाठीचाच प्लग मागा. पंधरा किलोच्या वरची पेटी टांगूच नका, खाली उतरवताना पाठ धरते.