शेल्टरमधून कुत्रा दत्तक घ्यायचाय, पिल्लू घ्यावं की मोठा?

तुम्ही लिहिलंय की दोघंही नोकरीला जाता, मुलगा सातवीत आहे, घर टू बीएचके. अशा घरी पिल्लू आणावं की मोठा कुत्रा, आणि शेल्टरवाले एवढ्या चौकशा का करतात, असा तुमचा प्रश्न आहे. माझं स्पष्ट मत: मोठा आणा. दोन-तीन वर्षांचा, त्याहून मोठा असला तरी उत्तमच.

दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दीड-दोन तासांनी शू लागते. लसी पूर्ण होईपर्यंत पार्वो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांच्या भीतीने त्याला खाली फिरवता येत नाही. चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडायला लागले की चपला, चार्जर, सोफ्याचा कोपरा, सगळ्यालाच दात लागतात. घरी दिवसभर कोणी नसेल तर हाल त्या पिल्लाचेच होतात. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव मात्र शेल्टरमध्येच कळतो. मुलांना बुजतो का, दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जातो का, जेवताना कोणी जवळ गेलं तर गुरगुरतो का, हे त्याला रोज जेवण घालणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. ऑफिसात बसलेल्यांशी बोलाच, पण आधी त्या मावशी किंवा दादांना गाठा.

आमची चिंगी चार वर्षांची असताना आली. साधी गावठी, तपकिरी, एका कानाला खाच. (भटक्या कुत्र्यांची नसबंदी झाली की ओळखू यावी म्हणून ती खाच देतात.) शेल्टरमध्ये बाकीचे जाळीवर उड्या मारत होते आणि ही मागच्या भिंतीला पाठ लावून बसलेली. घरी आली ती थेट दिवाणाखाली गेली. दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला स्टीलची वाटी फरशीवर सरकल्याचा आवाज आला. मी हललेसुद्धा नाही. भात-चिकन संपवून, वाटी चाटून, ती पुन्हा दिवाणाखाली गेली.

चौथ्या दिवशी कामवाल्या मावशींनी केरसुणी हातात घेतली आणि चिंगीने उभ्या जागी शू केली. तिला कोणी, कुठे मारलं होतं ते कळायला मार्ग नाही. त्या दिवसापासून केर काढताना तिला बाल्कनीत घेऊन बसायचं ठरलं. तीन महिन्यांनी केरसुणी तिच्या शेपटीला लागली तरी ती झोपलेलीच होती. मावशी केर काढायच्या थांबल्या आणि आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो.

कुत्री सांभाळणाऱ्यांत एक हिशेब सांगतात: तीन दिवस भीती जायला, तीन आठवडे घराची शिस्त कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. आमच्याकडे तो बराचसा खरा ठरला. एकदम पाहुणे बोलावू नका, पहिल्या आठवड्यात आंघोळ घालू नका. मुलाला सांगून ठेवा, कुत्रा झोपलेला किंवा जेवत असताना त्याला हात लावायचा नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. पाचव्या दिवशी पार्किंगमध्ये बुलेटच्या सायलेन्सरचा आवाज झाला. चिंगीने मागे सरकून गळ्यातला पट्टा डोक्यावरून काढला आणि गेटबाहेर पळाली. चार तासांनी शेजारच्या सोसायटीतल्या जनरेटरमागे सापडली, पंजे सोललेले. नवा कुत्रा पळाला तर त्याला परत यायला घर माहीतच नसतं. म्हणून पहिले दोन महिने गळ्यात पट्टा आणि अंगावर हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा), दोन्ही घाला, साखळी दोन्हींत अडकवा आणि पट्ट्यावर तुमचा नंबर लिहा. दिवाळी तोंडावर असेल तर ती होऊन जाऊ द्या, मगच आणा.

शेल्टरवाले बाल्कनीचं ग्रिल बघतात, घरमालकाची परवानगी विचारतात, घरातल्या सगळ्यांना भेटायचं म्हणतात, ते याचसाठी. हौसेने नेलेली आणि महिन्याभरात परत आणून सोडलेली कुत्री त्यांनी पाहिलेली असतात. जे काहीच न विचारता कुत्रा हातात देतील, त्यांच्याकडून घेऊ नका. सोसायटीची काळजी असेल तर, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही. तरी वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना आधी स्वतः जाऊन सांगा, पुढचं सोपं जातं. महापालिकेचा परवानाही काढून टाका.

आणताना लसीकरणाचं कार्ड आणि नसबंदीचा कागद मागून घ्या. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडे नेऊन रक्ततपासणी करा, कारण गोचिडांचा ताप वरून दिसत नाही. रेबीजची लस दरवर्षी, जंतांचं औषध डॉक्टर सांगतील तसं, आणि आपल्याकडचा पावसाळा पाहता लेप्टोची लस चुकवू नका. खाण्यात कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं अजिबात नको. मनुकाही नको, प्रसादाच्या शिऱ्यातून ती हमखास पोटात जाते. दूध-पोळी प्रेमाने घातली जाते, पण बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात.

रविवारी जाऊ नका, गर्दीत कुत्री बिथरलेली असतात. मधल्या वारी जा, मुलाला घेऊन जा. पहिल्या भेटीत कोणाला निवडू नका, जमिनीवर बसा आणि जो येईल त्याला हात हुंगू द्या. आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी चिंगी भिंत सोडून दोन पावलं पुढे आली होती.